लोणावळ्यात मोजलेला श्वास

व्हायवासाठी खोलीबाहेर रांग लागलेली असते. आतून नाव पुकारलं जातं आणि पोटात गोळा येतो. तळहात ओले, घसा कोरडा, छातीत धडधड. रात्री दोनपर्यंत जागून पाठ केलेलं सगळं एका क्षणात गायब! बाजूचा मित्र धीर देतो, टेन्शन घेऊ नको म्हणतो. पण टेन्शन काय कुणी हौसेने घेतं का?

अमरावती विद्यापीठाचा पेपर असो, नीट असो, एमपीएससी असो की पोलीस भरतीचं ग्राउंड, मारेगावातून सकाळची बस पकडून यवतमाळ किंवा नागपूर गाठणाऱ्या प्रत्येकाला ही धडधड ओळखीची आहे. मजा म्हणजे आपल्या भाषेला ही गोष्ट फार आधीपासून माहीत आहे. आपल्याकडे भीती वाटली की काळजात धस्स होतं, हातपाय गळतात, तोंडचं पाणी पळतं. संकट टळलं की जिवात जीव येतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. यातला एकही शब्दप्रयोग विचारांबद्दल नाही. सगळे शरीराबद्दल आहेत.

मग प्रश्न असा की, भीती जर शरीरात दिसते, तर शरीराच्या वाटेने ती कमी करता येईल का? शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने हा प्रश्न थेट एक्स-रे मशीनसमोर नेऊन ठेवला. त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं.

शिष्यवृत्तीवर शिकलेला मुलगा

जगन्नाथचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. वडील शिक्षक, आई घर सांभाळणारी. घरची परिस्थिती बेताची होती, त्यामुळे शिक्षणासाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं. पण पोरगा हुशार. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. पुढे बडोदा कॉलेजात शिकून १९१० मध्ये तो पदवीधर झाला.

तेव्हाचं बडोदा म्हणजे सयाजीराव गायकवाडांचं बडोदा. अरविंद घोष तिथल्या कॉलेजात शिकवून गेलेले, टिळकांच्या राजकारणाने तरुण भारावलेले. जगन्नाथवर या दोघांचाही प्रभाव पडला. त्याने आयुष्यभर ब्रह्मचारी राहून लोकांसाठी काम करायचं ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

त्याच शहरात राजरत्न माणिकराव नावाचे व्यायामाचे मोठे गुरू होते. त्यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथने देशी व्यायामाचं शिक्षण घेतलं. म्हणजे बघा, सकाळ आखाड्यात आणि दिवस संस्कृत पुस्तकांत. शरीर आणि ग्रंथ या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे होत्या. पुढच्या सगळ्या कामाची मुळं इथेच आहेत.

नंतर ते खानदेशात अमळनेरला शिकवायला गेले. तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे १९२१ ते १९२३ या काळात ते प्राचार्य होते. कॉलेजात देशप्रेमाचं वारं जरा जास्तच होतं, ते इंग्रज सरकारला खपलं नाही आणि १९२३ मध्ये कॉलेज बंद पडलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर हातातलं काम गेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअर शून्यावर आलं.

पण तोपर्यंत त्यांना दुसरं काहीतरी सापडलं होतं.

नर्मदेकाठचे गुरू आणि दवाखान्यातला एक्स-रे

१९१९ मध्ये त्यांची भेट परमहंस माधवदास यांच्याशी झाली. मूळचे बंगालचे हे वृद्ध योगी नर्मदेकाठी मालसरला राहत. त्यांच्याकडे गुणे योग शिकले. शिकताना अनुभव तर येत होते. आसनानंतर मन निवतं, श्वास लांबवला की आतली घालमेल कमी होते. श्रद्धाळू माणूस इथे हात जोडून थांबला असता. गुणे थांबले नाहीत. हे नेमकं कशामुळे होतं, शरीरात काय बदलतं, हे त्यांना बघायचं होतं.

१९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात प्रयोग सुरू केले. आपल्याच काही विद्यार्थ्यांना त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया करायला लावल्या आणि एक्स-रेखाली पोटात काय होतं ते पाहिलं. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढतात. नौलीत पोटाच्या मधल्या स्नायूंचा दांडा पुढे काढून फिरवतात. पुढे त्यांनी दाब मोजायचं उपकरणही वापरलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणजे आत चक्क पोकळी तयार होते, असं त्यात दिसलं. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं.

योगी बस्तीच्या वेळी पाणी आत ओढून घेतात याला लोक चमत्कार मानत. गुण्यांनी दाखवलं की हा दाबातल्या फरकाचा साधा खेळ आहे, सिरिंजमध्ये औषध वर चढतं तसा. चमत्कार गेला, पण क्रियेची किंमत कमी झाली नाही. उलट ती कुणालाही तपासता येईल अशी झाली.

त्याच वर्षांत जगात दुसरीकडे काय चाललं होतं तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्येच मांडलं होतं की धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे धावतं, पचन थांबतं. घशाची कोरड आणि पोटातला गोळा इथूनच येतो. आणि १९२१ मध्ये ऑस्ट्रियात ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगातून दाखवलं की व्हेगस नावाची नस एक रसायन सोडून हृदयाचे ठोके मंद करते. म्हणजे शरीरात ॲक्सिलरेटर आहे तसा ब्रेकही आहे. बडोद्यातल्या गुण्यांचा आणि या दोघांचा काही संबंध नव्हता. पण तिघेही एकाच दारावर वेगवेगळ्या बाजूंनी टकटक करत होते.

१९२४ : आश्रम की लॅब?

१९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं. मुंबई-पुण्याच्या मधलं हे गाव आज आपल्याला चिक्की आणि पावसाळी रील्समुळे माहीत. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद झाले होते. संस्था दिसायला आश्रम, पण आत प्रयोगशाळा. त्याच वर्षी त्यांनी योग मीमांसा हे इंग्रजी नियतकालिक काढलं. त्यात एक भाग शास्त्रीय प्रयोगांचा, एक निम्मा शास्त्रीय आणि एक सामान्य वाचकांसाठी असे. रक्तदाब, एक्स-रे, श्वासातली हवा, सगळ्याची मोजमापं त्यात छापली जात.

आज हे वाचताना विशेष वाटत नाही, कारण योगावरचं संशोधन आता रोज बातम्यांत असतं. पण १९२४ मध्ये दोन्ही बाजूंनी शिव्या खायची तयारी लागत होती. डॉक्टरांच्या लेखी योग म्हणजे साधूंचे खेळ, आणि बऱ्याच साधकांच्या लेखी योग मशीनला लावणं म्हणजे विटाळ. स्वामीजी मधोमध उभे राहिले. योग मानायचा तर तपासून मानायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ऑक्सिजनची गोष्ट

त्यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट सांगते. आजही कुठल्याही योगवर्गात ऐकू येतं की प्राणायामाने शरीराला खूप जास्त ऑक्सिजन मिळतो आणि म्हणून बरं वाटतं. तेव्हाही हेच बोललं जात होतं. प्राणायामाचा प्रचार करायला याहून सोपं वाक्य नाही. संस्थेला पैसे हवे होते, शिष्य हवे होते. दुसऱ्या कुणी ते वाक्य तसंच राहू दिलं असतं.

कुवलयानंदांनी बाहेर सोडलेल्या श्वासातली हवा गोळा करून तपासली. आणि जो आकडा आला त्यावरून त्यांनी स्पष्ट लिहिलं की प्राणायामाचं खरं मोल जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये नाही. ते मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे. स्वतःच्या बाजूचा लोकप्रिय दावा त्यांनी स्वतःच खोडला!

हे आपल्यासाठी महत्त्वाचं का? कारण घाबरल्यावर आपण नेमकी उलटी चूक करतो. भराभर, मोठमोठे श्वास घेतो. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. जास्त हवा ओढून शांत होता येत नाही. शांत होण्याचा रस्ता श्वास हळू करण्यात आणि बाहेर सोडणं लांबवण्यात आहे. आपण श्वास सोडतो तेव्हा व्हेगसचा ब्रेक थोडा जास्त लागतो आणि हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. श्वास आत घेताना ते पुन्हा वाढतात. हे प्रत्येक निरोगी माणसात होतं. उच्छ्वास लांबवला की ब्रेकला जास्त वेळ मिळतो, इतकं सोपं आहे ते.

स्वामीजींनी दिलेली सगळी स्पष्टीकरणं आज जशीच्या तशी मानली जात नाहीत. शास्त्र शंभर वर्षं पुढे गेलंय. पण मज्जासंस्थेकडे बोट दाखवणं मात्र बरोबर होतं.

येलहून आलेला विद्यार्थी

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या येल विद्यापीठातून कोवूर बेहनन नावाचे मूळचे केरळचे मानसशास्त्राचे विद्यार्थी लोणावळ्याला आले. कुवलयानंदांकडे ते योग शिकले, परत जाऊन त्यांनी स्वतःवरच चाचण्या घेतल्या आणि १९३७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातला एक निष्कर्ष गमतीशीर आहे. प्राणायाम झाल्यावर लगेच बेरजा करणं, रंगांची नावं सांगणं अशा चाचण्यांत त्यांचा वेग थोडा कमी झाला. शरीर-मन निवांत होतं तेव्हा घाईची कामं मंदावतात. प्रयोग एकाच माणसावरचा, त्यामुळे त्यावरून नियम काढता येत नाही. तरी आपल्याला एक हिंट आहे : अर्धा तास प्राणायाम पेपरच्या घंटेआधी नको, तो रोजच्या वेळेला ठेवा. पेपरच्या आधी दोन-तीन मिनिटांचा लांब उच्छ्वास पुरे.

गांधीजींचीही गोष्ट आहे. मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापुरात त्यांची प्रकृती एकदम खालावली. रक्तदाब वाढला होता, सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. कोणतं आसन किती वेळ, शवासन कसं करायचं, रक्तदाब किती, अशी विचारपूस त्यात होती. देशातला सगळ्यात बिझी माणूस, आणि त्याच्यासाठीही उपायांच्या यादीत जमिनीवर पडून काहीही न करणं होतं!

पडून राहण्याचं शास्त्र

शवासनाची आपण खूप थट्टा करतो. शाळेत पीटीच्या तासाला सगळ्यांचं आवडतं आसन हेच, कारण झोपायला मिळतं. पण ते दिसतं तितकं सोपं नाही. पायाच्या बोटांपासून सुरू करून पोटरी, मांडी, पोट, खांदे, जबडा, कपाळ असा एकेक भाग लक्ष देऊन सैल सोडायचा आणि मग श्वासाकडे बघत राहायचं. करताना कळतं की आपण दिवसभर दात आवळून आणि खांदे वर करून फिरतोय. योगायोग असा की, शिकागोत एडमंड जेकबसन यांनीही १९२९ मध्ये स्नायू एकामागून एक सैल करण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. आजही चिंतेच्या उपचारात ती पद्धत शिकवतात. स्नायू सैल असतील तर मेंदूला धोक्याचा निरोप कमी जातो, हा त्यामागचा विचार.

१९३६ मध्ये कुवलयानंदांनी मुंबईत मरीन ड्राइव्हला योगिक आरोग्य केंद्र सुरू केलं. पुढे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्यात योगाचं कॉलेज आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला योगिक रुग्णालयही सुरू झालं. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही त्यांचा सहभाग होता. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचं निधन झालं. वय ८२.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी शवासनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवण्यात आलं होतं. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला किंवा औषध कमी करता आलं. काहींना मात्र फायदा झाला नाही, तेही त्यात नोंदवलं आहे. अभ्यास करणाऱ्यांत कैवल्यधामचे डॉ. विनेकर होते. स्वामीजींनी १९२४ मध्ये लावलेली सवय हॉस्पिटलपर्यंत पोचली होती.

आपल्या तालुक्यात याचं काय?

यवतमाळ जिल्ह्यात मनाच्या ताणाबद्दल बोलणं ही चैन नाही. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या वाचतच आपली पिढी मोठी झाली. कापसाचा, सोयाबीनचा भाव पडला की घरातला ताण पोरांच्या फीपर्यंत आणि पोरींच्या लग्नापर्यंत येऊन पोचतो. लांब श्वास सोडल्याने कर्ज फिटत नाही, भरतीच्या जागा वाढत नाहीत. हे सरळ मान्य करायला हवं. प्रत्येक अडचणीवर योगा कर म्हणून हात झटकणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं.

मग उपयोग कशाचा? धडधड उतरली की डोकं पुन्हा चालायला लागतं. मग फॉर्म भरता येतो, सरांना शंका विचारता येते, घरी खरं बोलता येतं. आणि यासाठी पैसे लागत नाहीत, नेटवर्क लागत नाही, शहरात जावं लागत नाही. जमीन आणि श्वास मारेगावातही आहेत.

करून बघा

एक : पाठ ताठ ठेवून बसा, पाय जमिनीला टेकलेले. नाकाने मनात तीन मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सहा मोजेपर्यंत सोडा. म्हणजे घेण्याच्या दुप्पट सोडणं. श्वास कोंडायचा नाही, जोर लावायचा नाही. पाच मिनिटं.

दोन : रात्री मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटं शवासन. झोप लागली तरी चालेल.

तीन : श्वासाकडे लक्ष दिल्याने काही जणांना उलट जास्त घाबरायला होतं. तसं झालं तर डोळे उघडा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या, उठून चाला. चक्कर आली तर थांबा. दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि भीती रोजचीच झाली असेल, झोप, जेवण, कॉलेज सगळं सुटत असेल, जगणं नको वाटत असेल, तर एकट्याने श्वास मोजत बसू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

शेवटी एक काम. आठ दिवस एक वही ठेवा. मनगटावर बोटं ठेवून एक मिनिट नाडीचे ठोके मोजा, आकडा लिहा. पाच मिनिटं श्वास करा, पुन्हा मोजा, पुन्हा लिहा. आकडा कमी झाला तर लिहा, आणि नाही झाला तरी लिहा. लोणावळ्यात हेच चालायचं.